जठराच्या कर्करोगाची ‘अवस्था’ आणि शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्यविषयक शिबिरात केलेले भाषण)



२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडून दिले. जठराच्या कर्करोगावरील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. जखम भरून आली, बाई अन्न घेऊ लागली. परंतु सुमारे चार महिन्यांनी ती दगावली. रोग शरीरात इतरत्र पसरला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी रोग कुठवर पोहोचला आहे हे मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते मोजमाप आज उपलब्ध आहे. त्यालाच ‘अवस्था’ अथवा ‘स्टेज’ म्हणतात. शस्त्रक्रिया होऊन रुग्ण गावी परतला की नातेवाईक तपासणीचा कागद घेऊन गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे येतात आणि विचारतात, “यात काय लिहिलंय? आता किती दिवस?” त्या कागदावर ‘टी ३, एन २, एम ०’ अशी काही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ आपणांस ठाऊक असावा, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

ही पद्धत फ्रान्सचे डॉ. पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात सिद्ध केली. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाने १९६८ साली तिची पहिली पुस्तिका काढली. ‘टी’ म्हणजे गाठीची खोली. जठराची भिंत थराथरांची असते. रोग आतल्या अस्तरात व त्याच्या लगतच्या थरात असेल तर टी १, स्नायूंच्या थरात शिरला तर टी २, त्यापलीकडे पण बाहेरच्या आवरणाच्या आत थांबला तर टी ३ आणि आवरण भेदून बाहेर पडला तर टी ४. गाठ केवढी मोठी यापेक्षा ती किती खोल गेली, याला येथे महत्त्व आहे. ‘एम’ म्हणजे यकृत, पोटातील पडदा अशा दूरच्या ठिकाणी झालेला प्रसार. तो आढळल्यास रोग चौथ्या अवस्थेत गेला असे समजतात.

खरी मेख आहे ती ‘एन’मध्ये. जठराभोवती लसीकाग्रंथी असतात आणि कर्करोगाच्या पेशी बहुधा त्याच वाटेने पुढे सरकतात. एक-दोन ग्रंथी बाधित असल्यास एन १, तीन ते सहा असल्यास एन २ आणि सात किंवा अधिक असल्यास एन ३. हे काम शस्त्रक्रियागृहात संपत नाही. काढलेल्या भागातून एकेक ग्रंथी शोधून विकृतिशास्त्रज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. किमान सोळा ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. शक्य तर तीस.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? समजा, एका रुग्णाची गाठ टी ३ आहे. वीस ग्रंथी तपासल्या आणि पाच बाधित निघाल्या, तर त्याचा रोग तिसऱ्या अवस्थेच्या ‘अ’ गटात पडतो. त्याच रुग्णाच्या आठच ग्रंथी तपासल्या आणि त्यांत दोन बाधित निघाल्या, तर कागदावर येते दुसऱ्या अवस्थेचा ‘ब’ गट. माणूस तोच, रोग तोच. कागद मात्र सौम्य झाला. न शोधलेल्या ग्रंथीतील रोग कागदावर नसला, तरी शरीरात असतोच.

आता आयुर्मानाकडे वळू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आठव्या आवृत्तीसाठी पंधरा देशांतील पंचवीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती तपासण्यात आली. पहिल्या अवस्थेच्या ‘अ’ गटातील शंभरांपैकी सुमारे ९४ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. दुसऱ्या अवस्थेच्या ‘ब’ गटात हे प्रमाण सुमारे ६८, तिसऱ्याच्या ‘अ’ गटात ५४ आणि तिसऱ्याच्याच ‘क’ गटात अवघे १८. यांतील बहुसंख्य रुग्ण जपान व कोरियातील होते. तेथे पुष्कळांचा रोग लवकर उमगतो आणि ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रियाही काटेकोर होते. म्हणून हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही. उतरती भाजणी मात्र ध्यानात घ्यावी.

‘पाच वर्षे’ या शब्दांनी घरोघरी मोठा घोटाळा होतो. रुग्णाला पाच वर्षांची मुदत मिळाली, असा अर्थ लोक काढतात आणि कोणी जमीन विकावयास निघतो, कोणी मुलीचे लग्न घाईने उरकतो. हा रोग उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो, म्हणून पाच वर्षे हा मोजणीचा टप्पा धरलेला आहे; ती आयुष्याची सीमा नव्हे. शिवाय ५४ हा आकडा शंभरांच्या समूहाचा. आपल्यासमोरचा रुग्ण त्या ५४ पैकी की उरलेल्या ४६ पैकी, हे तो कागद सांगू शकत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच रसायनोपचार झालेले असतील तर अक्षरांच्या आधी इंग्रजी ‘वाय’ हे अक्षर लावतात. औषधांनी रोग आक्रसलेला असू शकतो, त्यामुळे त्या अवस्थेचा अर्थ निराळा लावावा लागतो. हे स्पष्टीकरण डॉक्टरांकडूनच घ्यावे.

अवस्थेचा उपयोग केवळ भविष्य वर्तविण्यापुरता नाही. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील रुग्णांस सामान्यतः शस्त्रक्रियेच्या जोडीला रसायनोपचार सुचविले जातात. जखम भरली, अन्न पचू लागले की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते आणि पुढच्या तारखेला तो जात नाही. बसभाडे आणि बुडणारी मजुरी हीही कारणे असतात, ती खोटी नव्हेत. अशा वेळी गुरुजींनी तो कागद उलगडून दोन ओळी शोधाव्यात : किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या. तपासलेल्यांची संख्या सोळापेक्षा कमी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावयास सांगावे. मूळ अहवाल घरी ट्रंकेत ठेवावा आणि त्याची छायाप्रत प्रत्येक तपासणीच्या वेळी रुग्णाबरोबर द्यावी.