भावनांचे नियमन : तंजावरचा दाखला



संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचा समावेश २०१३ मध्ये झाला. तेव्हापासून ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा विषय अभ्यासक्रमाचा भाग आहे. पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचे साहाय्य घेणे, त्यांची कारणे समजून घेणे आणि त्यांचे नियमन करणे, ही तिची चार अंगे होत. यांपैकी नियमनाविषयी गैरसमज अधिक आहे. नियमन म्हणजे भावना दडपून टाकणे, असे अनेकांना वाटते. तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासातील एक चरित्र हा गैरसमज दूर करण्यास उपयोगी पडते.

दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांना तुळजाराजे भोसले यांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाराजांचे निधन झाले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. कोवळ्या वयातील सरफोजींच्या वाट्याला उपेक्षा व जाच आला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला. पुढे सुरक्षिततेसाठी त्यांना मद्रासला हलवावे लागले. १७९८ मध्ये गादी मिळाली. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. ऐन बाविशीत राजाकडे किल्ला, वाडा आणि महसुलातील ठरावीक हिस्सा एवढेच उरले.

अशा मानहानीनंतर मनुष्य एक तर सुडाने पेटतो किंवा विलासात बुडतो. सरफोजींच्या मनात काय चालले होते, हे आज सांगता येणार नाही; त्यांच्या कृती मात्र समोर आहेत. पूर्वापार चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीच्या ग्रंथांची व हस्तलिखितांची मोठी भर घातली. धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालविला. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही उपलब्ध आहेत. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. गेलेल्या सत्तेचा सल असेल, तर त्याला विद्येच्या कार्यात वाट मिळाली.

दुःखाचेही तसेच. श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तले. सरफोजींनी त्यांच्यासाठी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मुक्तांबाळ या प्रिय व्यक्तीच्या नावाने ओरत्तनाडू येथे छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न व निवारा मिळे. शोक लपविला गेला नाही. तो इतरांच्या उपयोगी पडला.

या दाखल्याची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. सरफोजींच्या संयमाने राज्य परत मिळाले नाही. त्यांच्या पुत्राच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने तंजावर खालसा केले. भावनिक बुद्धिमत्ता यशाची हमी देत नाही, तसेच अन्याय निमूटपणे सोसावा असेही ती शिकवीत नाही. हाती उरलेल्या क्षेत्रात विवेकाने काम करण्याचे बळ मात्र ती देते.

निकालाच्या यादीत नाव नसलेल्या उमेदवारालाही हेच लागू पडते. मनात उसळलेली भावना राग आहे, लाज आहे की घरच्यांच्या अपेक्षांची भीती आहे, हे प्रथम ओळखावे. विश्वासाच्या माणसाजवळ ते बोलून दाखवावे. मग निकाल आणि पुढील तयारी यांतील आपल्या हाती काय आहे, ते पाहावे. स्वतःच्या रागाचे कारण शोधण्याची सवय ज्याला लागली, तोच उद्या अधिकारी म्हणून संतप्त अर्जदाराच्या रागामागील अडचण ऐकून घेऊ शकेल. प्रशासनाला अशाच अधिकाऱ्यांची गरज आहे.