साचाखात्यातले सात जण



चांगला कारागीर दिसला की त्याला सुपरवायझर करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. कालपर्यंत स्वतःच्या हाताने काम उरकणारा माणूस एका पत्राने आठ जणांचा साहेब होतो. मग त्याला शिबिराला धाडतात. तिथे सांगतात, ऐकून घ्या, कौतुक करा, आवाज चढवू नका. वाईट काहीच नाही त्यात. पण माणसं सांभाळायला शिकायचं तर आधी काम कसं वाटलंय ते बघायला शिकावं, असं माझं मत आहे. स्वभावाचं नंतर बघू.

एक उदाहरण सांगतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले. एका साचाखात्यात 224 स्वयंचलित साचे, म्हणजे माग, होते. यंत्रं नवी, पण कापड मनासारखं उतरेना. अशा वेळी कामगाराला आळशी ठरवणं सगळ्यात सोपं. राइस मात्र वाटणी बघत बसले. माणसं 29, कामं बारा तऱ्हांची: कुणी विणकर, कुणी मागाच्या बॅटरीत, म्हणजे बॉबिनींच्या चक्रात, बॉबिनी भरणारा, कुणी तुटलेले धागे सांधणारा, कुणी तेलवाला. प्रत्येकाच्या वाट्याचे साचे कमीजास्त, त्यामुळे कुणाचीच हद्द कुणाशी जुळत नव्हती. विणकराला आपला बॅटरीवाला नेमका कोण, हे सांगता येईना. काही अडलं की जो तो वर धावणार.

राइसनी सुचवलं, ठरावीक साच्यांचा एक ताफा एका छोट्या गटाकडे द्या. पुढचं खात्यातल्याच माणसांनी केलं. कामगार आणि सुपरवायझर यांनी मिळून गट पाडले: सात जण, 64 साचे, म्होरक्या गटातलाच. सुरुवातीला उत्पादन वरखाली झालं, पण घडी बसल्यावर ते वाढलं आणि खराब कापड कमी झालं.

आता आपल्या मुंबईच्या गिरणगावातला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आठवा. भरती तो करी, बदली कामगाराला काम तो देई, त्यांच्याकडून दस्तुरीही तोच घेई. शाही मजूर आयोगाने 1931च्या अहवालात त्याच्यावर टीका केली ती योग्यच होती. पण माणसं त्याला पुरती ठाऊक असत, हेही कबूल करायला हवं. त्याचं वजन होतं ते प्रत्येक जण त्याच्या दारी येण्यात. गट पाडले की नेमकं तेच वजन जातं, म्हणून नव्या साहेबाला ही पद्धत जड जाते. गटाचं अडलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याला स्वतःला ते काम झकास येतं ना! ते हात आवरून त्याने सूत वेळेवर आणवायचं, दुरुस्तीवाल्याच्या मागे लागायचं, दोन गटांतली कुरबुर मिटवायची. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि शिकायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

तुमच्यापैकी कुणी नुकतं साहेब झालं असेल, तर एक करा. आठवडाभर आपल्याकडे कोण काय विचारायला येतं ते वहीत टिपून ठेवा. त्यातलं किती त्यांना आपसात निस्तरता आलं असतं, ते बघा. आपसात निस्तरता येत नसेल, तर त्यांना बोल लावण्याआधी त्यांच्या जागा, पाळ्या आणि कामाच्या वाटण्या बदलून बघा.