सांध्यांचा वारसा



तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हापासून ह्या पट्ट्यात ‘जनुकांतील बदल’ असे कोणी म्हटले की श्रोत्यांच्या नजरा आपोआप किनाऱ्याकडे वळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आज सांध्यांच्या एका रोगाशी निगडित अशा ज्या जनुकीय भेदांविषयी मी बोलणार आहे ते कोणत्याही भट्टीने घडविलेले नसून, वारल्यास तसेच वाडवळास, सातपाटीच्या मांगेल्यास तसेच बोईसरच्या कारखान्यात परप्रांतातून आलेल्या कामगारास, आपापल्या प्राचीन पूर्वजांकडून कमीअधिक प्रमाणात मिळालेले आहेत.

ऱ्हुमेटॉइड संधिवात, ज्यास आपल्याकडे बहुधा आमवात म्हणतात, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा ह्यांच्या चमूने १९९६ साली भिगवण येथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली, तेव्हा ह्या व्याधीचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक, असे आढळले; आणि जगभरचा अनुभव असा की रुग्णांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात.

मग दोनशेंतला तो एकच का? ह्या प्रश्नाची शहानिशा १९७८ साली पीटर स्टॅस्टनी ह्यांनी ‘डीआर-४’ ह्या पेशीचिन्हाचा रोगाशी असलेला संबंध दाखविला तेथून रीतसर सुरू झाली, आणि १९८७ साली ग्रेगर्सन प्रभृतींनी तो धागा अधिक बारीक केला. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-डीआरबी१ हे जनुक जो रेणू घडविते, तो प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून रक्षक पेशींपुढे हजर करतो. त्या रेणूच्या खोबणीपाशी ७० ते ७४ ह्या क्रमांकांवर असणारी पाच अमिनो आम्ले एका विशिष्ट घडणीची असली की रोगाची प्रवणता वाढते. युरोपात ही घडण मुख्यतः ह्या रेणूच्या ‘डीआर-४’ ह्या प्रकाराच्या वाटेने येते, भारतीय रुग्णांत त्याच्या जोडीला ‘डीआर-१०’ही पुढे येतो. उलट २००४ साली गाजलेला पीटीपीएन२२ ह्या जनुकातील भेद युरोपीयांत महत्त्वाचा असला तरी आपल्याकडे अत्यंत विरळा आहे, म्हणून विलायती रक्तावरून बेतलेले आडाखे जसेच्या तसे पालघरच्या माणसास लावणे मला सयुक्तिक वाटत नाही.

तथापि वारशाचा अधिकारही बेताचाच. १९९३ च्या ब्रिटिश पाहणीत एकबीज जुळ्यांपैकी एकास हा रोग असता दुसऱ्यास तो सुमारे १५ टक्के जोड्यांतच आढळला. बाकीच्यांची जनुके तीच, पण दुसऱ्याचे सांधे शाबूत. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून शेत पिकतेच असे नाही! पिकविणारी कारणे बाहेरची, आणि त्यांत धूम्रपान अग्रभागी आहे: धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांचे रूप पालटते आणि वर सांगितलेल्या घडणीचा रेणू असलेल्या शरीरात त्या पालटलेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, असा सिद्धांत स्वीडनच्या क्लारेस्कोग ह्यांच्या गटाने २००६ साली मांडला. खडी फोडताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीवरही तसाच वहीम असल्याने आपल्या खाणींवरील मजुराने तोंडाला फडके बांधावे हे दुप्पट अगत्याचे. मिशरीचे काय, असे भगिनी विचारतील. तर स्वीडिश लोक ओठांत धरतात त्या तंबाखूवर हा आरोप शाबीत झाला नाही, पण तेवढ्यावरून मिशरीस अभय देऊ नये, कारण तोंडाचा कर्करोग हा तिच्यावरचा आरोप जुनाच आहे.

राहिला सोयरिकीचा प्रश्न, जो सभेत कोणी विचारत नाही आणि सभा संपल्यावर हमखास विचारला जातो. आईस आमवात असेल तर मुलीचा धोका ढोबळ मानाने तिप्पट होतो खरा; पण भिगवणच्या अर्ध्या टक्क्याची तिप्पट ती दीड टक्का, एवढ्यासाठी ठरत आलेले स्थळ मोडणे हा शुद्ध अविचार होय. मात्र अशा घरातील मुलीची बोटे सकाळी तासभर आखडून राहू लागली, दोन्ही हातांची पेरे सुजली, तर ‘वाताचे आहे, जाईल’ म्हणत वर्ष दवडू नये. हाडांची झीज बहुधा पहिल्या एकदोन वर्षांतच सुरू होते, आणि झिजलेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही.