केना: जमिनीखालीही फुलणारं फूल

वाशिमकडचे असाल, तर आजच्या फुलावर तुम्ही नक्कीच कधीतरी पाय दिलाय. केना.

पाऊस लागला की वावरात, धुऱ्यावर, नाल्याकाठी, जिथं ओल टिकते तिथं हा पसरतो. फूल इवलंसं, निळं. वरच्या दोन पाकळ्या मोठ्या, खालची लहान. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं, म्हणून फोटो काढायचा तर लवकर उठा! लिनियसने या वंशाला कोमेलिन या डच घराण्याचं नाव दिलं. दोन ठळक पाकळ्या म्हणजे घरातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा. बिचारा!

पण खरी गंमत मातीत आहे. केना अलगद उपटा. बुडाशी पांढुरक्या दांड्या दिसतील, त्यांवरही फुलं असतात. ती कधीच उमलत नाहीत. ना ऊन, ना मधमाशी. बंद कळीतच फलन होतं आणि बी धरतं. म्हणजे वरची फुलं गुरांनी खाल्ली तरी खाली पुढच्या वर्षाची सोय झालेली असते. वर डवऱ्यानं तुटलेला तुकडा ओलीत पडला, तर पेरापेराला मुळं फुटतात. निंदणाऱ्या बाया केना वावराबाहेर नेऊन टाकतात, त्या उगाच नाही.

अमेरिकेत हा बाहेरून गेलेला. तिथं जॉर्जियात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला, बाकीची तणं मेली, आणि केन्याला मोकळं रान मिळालं. तो फवाऱ्याला सहज दाद देत नाही.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तो तणच, मान्य. निंदणाला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून लोक फवारतात. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण याच केन्याची आपण भाजी करतो, पानांची भजी तळतो. फवारा मारलेल्या वावरातला केना लगेच सुकत नाही, हिरवागारच दिसतो. तेव्हा भाजीसाठी खुडण्याआधी वावरवाल्याला विचारा, "भाऊ, कधी फवारलं?" आणि जमलं तर धुऱ्याची एखादी पट्टी बिनफवाऱ्याची ठेवा.

आता पावसात एक केना उपटा, बुडाची माती झटका आणि त्या खालच्या फुलांचा फोटो मला पाठवा.