फुलाचा दांडा आणि दिलेला शब्द



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत व्याकरण शिकवले आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत बागही राखली. ही दोन्ही कामे त्यांनी सारख्याच आस्थेने केली. म्हणून विषय निवडण्याची मोकळीक मिळताच मी 'लहान प्रमाणावरील फुलशेती' असा विषय कळवला. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने फुलांच्या व्यवसायावर बोलावे, याचे कार्यवाहांना थोडे नवल वाटले असावे. विषय चुकून तर लिहिला गेला नाही ना, अशी त्यांनी पत्राने पृच्छा केली. विषय चुकलेला नाही.

बेळगावच्या आसपासची खेडी आपण सारे पाहतो. वाटण्या होत होत एकेका घराकडे दहा-वीस गुंठे जमीन उरली आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन पुण्याची गाडी पकडते आणि मागे राहिलेल्या जमिनीचे प्लॉट पडतात. एवढ्याशा तुकड्यावर भात किंवा ऊस घेऊन संसार चालत नाही, हे खरेच आहे. परंतु गुंठ्याच्या हिशेबाने विचार करता येईल अशी काही थोडी पिके आहेत आणि लांब दांड्याची फुले, ज्यांना बाजारात सर्रास कटफ्लॉवर म्हणतात, हे त्यांपैकी एक पीक आहे. ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. ते शिकलेल्या माणसाच्या आवाक्यातले आहे, आणि त्याला शिक्षणाचा उपयोग होतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्या साहित्याने फुलावर अपार प्रेम केले. आपल्या कवितेत फूल उमलते, दरवळते, देवाच्या चरणी जाते आणि कोमेजते; ते विकले मात्र क्वचितच जाते. वस्तुतः फुलांचा व्यापार आपल्या सामाजिक इतिहासात मोठ्या मानाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर या घराण्याने पेशव्यांकडे फुले पुरवण्याचा व्यवसाय केला आणि त्यावरूनच 'फुले' हे आडनाव रूढ झाले. ज्या नावाने आपण आधुनिक महाराष्ट्राचा विचार करतो, ते नावच एका लहान व्यवसायाची खूण आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गावाशी नाते सांगणारे आहे. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ येथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे त्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिले. मूळ नाटकातली एलायझा ही रस्त्यावर फुले विकणारी मुलगी. ती भाषेच्या प्राध्यापकाकडे जाते, ती सभ्य समाजात मिरवण्यासाठी नव्हे. फुलांच्या दुकानात काम मिळावे, म्हणून तिला नीट बोलायला शिकायचे असते. तिचा हेतू व्यवसायाचा आहे. प्राध्यापक तिला बोलायला शिकवतो; पण फूल दिवसभर टवटवीत कसे ठेवावे, हे मात्र तिला तो एकदाही विचारत नाही. आमच्या वर्गाचा हा जुना स्वभाव आहे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळतो. माझी पुतणी याच शाळेची विद्यार्थिनी, वाणिज्य शाखेची पदवीधर. २०१९ साली तिने माझ्या भावाच्या जमिनीतील पाच गुंठ्यांत फुले लावली. निवृत्तीनंतर मोकळा असल्यामुळे हिशेबाची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जे सांगतो ते त्या वहीच्या आधारे आणि त्या निमित्ताने झालेल्या वाचनातून.

कंद विकत घेण्यापूर्वी तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "काका, मुहूर्त कधीकधी आहेत ते आधी सांगा. कंद किती लावायचे ते मग ठरवू." या एका वाक्यात या व्यवसायाचे मर्म आहे. धान्य कणगीत थांबते, गूळ कोठारात थांबतो. फूल थांबत नाही. दसऱ्याच्या सकाळी झेंडूला काय भाव असतो आणि त्याच संध्याकाळी त्याच झेंडूचे ढीग रस्त्याकडेला कसे पडलेले असतात, हे सर्वांनी पाहिले आहे. म्हणून घेणारा आधी शोधावा आणि लागवड नंतर करावी.

घेणारा शोधायचा म्हणजे पंचांग आणि दिनदर्शिका दोन्ही उघडायच्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. या काळात लग्ने थोडी. पण श्रावण, गणपती, नवरात्र यांमुळे हारांची सुटी फुले भरपूर खपतात. तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडू लागतात आणि लांब दांड्याच्या फुलांना मागणी येते. अधिक मास आला की महिनाभर लग्ने थांबतात. २०२३ साली अधिक श्रावण होता. श्रावणात तशीही लग्ने नसतात, त्यामुळे फारसे बिघडले नाही. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन लग्नसराईत महिन्याचा खंड. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की दुसरे पंचांग लागते. तेथील ख्रिस्ती समाजात नाताळानंतर लग्नांची धांदल असते आणि लेंटचा उपवासकाळ लागला की ती थांबते. लेंट २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि २०२५ मध्ये ५ मार्चला. ही तीन आठवड्यांची तफावत ज्याला ठाऊक नाही, त्याची फुले फुकट जाण्याचा संभव असतो.

या हिशेबातून तिने दोन फुले निवडली. तीन गुंठ्यांत निशिगंध आणि दोन गुंठ्यांत ग्लॅडिओलस. निशिगंधाच्या एकेरी पाकळीच्या जाती हारांच्या सुट्या फुलांसाठी आणि दुहेरी पाकळीच्या जाती दांड्यांसाठी लावतात. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या जातींपैकी 'शृंगार' आणि 'प्रज्वल' या एकेरी, तर 'सुवासिनी' ही दुहेरी आणि 'वैभव' ही अर्धदुहेरी. एप्रिल-मेमध्ये लावलेला निशिगंध तीन ते चार महिन्यांत फुलू लागतो, म्हणजे गणपतीच्या सुमारास हाती येतो. थंडीत त्याचा बहर मंदावतो. ती पोकळी ग्लॅडिओलस भरून काढतो, कारण त्याला थंड हवा मानवते. एक फूल चातुर्मासाचे आणि दुसरे लग्नसराईचे, अशी ही जोडी आहे.

कंदांचे गणित पाचवीच्या मुलाला सुटेल असे आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. वाटा आणि चर यांसाठी पाव भाग सोडला, तर तीन गुंठ्यांत लागवडीला सव्वादोनशे मीटर उरतात. फूटभर अंतरावर निशिगंध लावला तर अडीच हजार कंद बसतात. ग्लॅडिओलस थोडा दाट लावतात; दोन गुंठ्यांत तेही सुमारे अडीच हजार. मात्र हे अडीच हजार एकाच दिवशी लावायचे नाहीत. पाचपाचशेच्या पाच हप्त्यांत, दर पंधरा दिवसांनी, सप्टेंबरच्या वीस तारखेपासून नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत लावायचे. सुमारे ऐंशी दिवसांत फुलणारी जात घेतली, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फूल मिळत राहते. नाताळासाठी तेवीस डिसेंबरला दांडा हवा असेल, तर ऐंशी दिवस मागे मोजत चार ऑक्टोबरला कंद मातीत गेला पाहिजे. थंडी अधिक पडली तर चार दिवस उशीर होतो, म्हणून थोडे कंद आठवडाभर आधी लावून ठेवायचे. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो आणि साचलेल्या पाण्यात कंद कुजतात. त्यासाठी वाफे उंच हवेत आणि लावण्यापूर्वी कंद बुरशीनाशकात बुडवून घेतलेले हवेत.

पाच गुंठ्यांनीच आरंभ का करावा, याचे उत्तरही कंदात आहे. निशिगंधाच्या एका कंदाचा वर्षभरात पुंजका होतो. ग्लॅडिओलसच्या कंदालाही पिल्ले सुटतात. ती निवडून, सावलीत वाळवून ठेवली, ग्लॅडिओलसला तीनेक महिन्यांची विश्रांती दिली, की पुढच्या हंगामाचे बियाणे घरचे होते. पिल्लांना फुलण्याजोगे होण्यास अधिक हंगाम लागतात, पण व्यवसाय आतून वाढतो. याउलट पॉलिहाऊस बांधून जरबेरा लावायचा, तर ढाचा, कापड आणि प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे हे सारे पहिल्याच दिवशी कर्जाने आणावे लागते. सरकारी अनुदान मिळते, हे खरे. पण कर्जाचे हप्ते मुहूर्त पाहून थांबत नाहीत. जरबेरा वाईट नव्हे. तो दुसऱ्या टप्प्याचा आहे, इतकेच.

आता तोडणी. तोडलेले फूल मेलेले नसते. ते श्वास घेत असते, आणि उष्णता वाढली की त्याचा श्वास जलद होऊन आयुष्य घटते. म्हणून दांडे भल्या सकाळी कापायचे. निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की, आणि ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांनी नुसता रंग दाखवला की दांडा कापायचा. पुरता फुललेला दांडा गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत म्हातारा होतो. ग्लॅडिओलस कापताना झाडावर चार पाने राखायची, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवर पोसायचा असतो. कापलेला दांडा लगेच स्वच्छ बादलीतल्या पाण्यात जायला हवा, नाहीतर त्याच्या नळ्यांत हवा शिरून पाणी वर चढत नाही. बादली रोज घासायची, कारण पाण्यातले जंतू हे फुलाचे पहिले शत्रू. ग्लॅडिओलसचे दांडे उभेच ठेवायचे. आडवे ठेवले की शेंडे वर वळून वाकडे होतात. आणि गोव्याच्या गाडीत फुलांच्या शेजारी पिकलेली केळी किंवा आंबे येऊ द्यायचे नाहीत. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो, त्याने फुले अकाली कोमेजतात.

फूल विकायला जी भाषा लागते, त्याविषयी थोडे बोलू द्यावे; तो माझा प्रांत आहे. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तो येथे आला आणि प्रत्येक भाषेने त्याला आपले केले. मराठीत तो निशिगंध आणि गुलछडी, हिंदीत रजनीगंधा, कन्नडात सुगंधराज, तर तेलुगूत नेलसंपंगी, म्हणजे जमिनीवरचा चाफा. आपली अबोली कन्नडात कनकांबर होते आणि झेंडूला तेथे चेंडूचे फूल म्हणतात. सकाळच्या फूलबाजारात कन्नड, गोव्याच्या फोनवर कोकणी, मांडववाल्याशी हिंदी आणि घरी मराठी, अशी पुतणीची दिनचर्या आहे. सीमेवर वाढलेल्या मुलांना या भाषा फुकट मिळतात. आपण त्यांना ओझे समजतो. व्यापारात ते भांडवल आहे.

२०२० च्या मार्चमध्ये देशव्यापी टाळेबंदी झाली. देवळे, चर्च आणि कार्यालये बंद झाली. देशभर शेतकऱ्यांनी उभी फुले मोडून टाकली. आमच्या निशिगंधाचे दांडेही खताच्या खड्ड्यात गेले. ती पाने वहीत कोरीच आहेत. नुसत्या तारखा लिहिलेल्या आहेत. परंतु जमिनीखालचे कंद जिवंत होते आणि डोक्यावर कर्ज नव्हते. त्या दिवसांत पुतणीने प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि, जेव्हा केव्हा दार उघडेल तेव्हा पहिले फूल तुमच्याकडे येईल, असे सांगितले. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा तिने तसे केले. त्यांपैकी बहुतेक गिऱ्हाइके आजही तिच्याकडेच येतात.

यावरून माझे मत असे बनले आहे की लहान फूलशेतकऱ्याचे खरे भांडवल म्हणजे दिलेला शब्द. मोठ्या बाजारात दलाल पट्टी पाठवतो. तिच्यात भाव, तूट आणि अडत लिहिलेली असते, माणूस नसतो. दहा गुंठेवाला त्या बाजाराशी भावात स्पर्धा करू शकत नाही. तो एवढेच म्हणू शकतो : "गुरुवारी सकाळी सहा वाजता दोनशे दांडे, एका मापाचे, आज कापलेले." आणि गुरुवारी सहा वाजता तो दारात उभा राहिला पाहिजे. दोनशे जमणार नसतील तर मंगळवारीच तसे कळवले पाहिजे. लग्नघरचा मांडव उद्यावर ढकलता येत नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी अजून दहा गुंठे शिल्लक आहेत, त्यांनी ते विकण्यापूर्वी निदान एक वर्ष एका कोपऱ्यात पाचशे कंद लावून पाहावेत. त्याआधी पाच गिऱ्हाइकांना भेटावे : एक देऊळ, एक चर्च, एक मांडववाला, एक हारवाला, एक हॉटेल. प्रत्येकाला काय हवे आणि कोणत्या दिवशी हवे, ते वहीत लिहून घ्यावे. वर्षअखेर वहीच सांगेल, जमीन राखावी की नाही. आणि जे नोकरीनिमित्त दूर आहेत, त्यांनी आपल्या घरच्या कार्यासाठी प्लास्टिकच्या फुलांऐवजी गावाकडचा एखादा माळी आठवावा.

शब्दांचा अभ्यास करण्यात माझा जन्म गेला. शब्दाला जागणे म्हणजे काय, ते या पाच गुंठ्यांनी मला अधिक नेमकेपणाने शिकवले.