साठा फोडू नका



माझं गाव सुंदरपेरुमाळ कोयिल. कुंभकोणमच्या अलीकडे, पापनाशम आणि स्वामीमलै यांच्या मधलं लहानसं स्टेशन. घरची भाषा तंजावरी मराठी. आमच्या कावेरीला वर करूरच्या बाजूला अमरावती मिळते आणि तिच्या वाळूत रोमन नाणी सापडतात. त्या नाण्यांच्या नादातच माझी हयात गेली.

या अभ्यासाची शिस्त मी परमेश्वरीलाल गुप्त यांच्या लेखनातून शिकलो. ते आझमगढचे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांनी नाण्यांचा विभाग पाहिला, पुढे पाटण्याचं संग्रहालय सांभाळलं आणि उतारवयात नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. आंध्रातल्या रोमन नाण्यांवरचा त्यांचा ग्रंथ 1965 चा. सुट्या नाण्याचं कौतुक करण्याआधी ते कुठल्या साठ्यातलं, हे विचारायची सवय मला अशा कामानं लावली.

त्या सवयीचं मोल पुदुकोट्टईत कळतं. तिथे 1898 मध्ये 501 रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या बहुतेकांवर छिन्नीचा घाव आहे, थेट सम्राटाच्या चेहऱ्यावरून गेलेला. असं एकच नाणं हाती आलं असतं तर कुणाचा तरी खोडसाळपणा म्हणून आपण ते बाजूला ठेवलं असतं. शेकडो नाण्यांवर तोच घाव दिसतो तेव्हा त्यामागे रीत असते. माझ्या मते ही नाणी चलनातून काढून सोनं म्हणून तोलायची ठरवली होती. भारताच्या व्यापारात दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन चलन) जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीनं केली होती. त्या व्यापारातून आलेल्या सोन्याचं इथे पुढे काय झालं, ते या घावांतून कळतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच जोगलटेंभी घ्या. 1906 मध्ये तिथे क्षहरात राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी निघाली आणि त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांवर मिळवलेल्या विजयाचा याहून सबळ पुरावा कुठला? हीच नाणी चार सराफांकडे वाटली गेली असती, तर तो विजय आपल्याला एवढा ठसठशीत दिसला नसता.

आणि वाटली जातातच. सोनाराच्या मुशीत गेलेल्या साठ्यांची मोजदाद कुणाकडेच नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण इंजिनिअर होतील, काही शेती करतील, काही सरकारी नोकरीत जातील. पाया खणताना, विहीर उपसताना नाण्यांचं मडकं लागलं तर नाणी घासू नका, वाटून घेऊ नका. जागेचा फोटो काढा, मडकंही जपा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर देणं बंधनकारक आहे. तो कायदा आजही लागू आहे.