सोलापूरचे डॉक्टर, चीनमधले गुरुजी

 

दौंड स्टेशनवरून सोलापूरच्या गाड्या जाताना आपण रोज बघतो. त्याच सोलापूरच्या एका लेकाची गोष्ट आज सांगणार आहोत, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला, म्हणून नाव पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. पण ते चीनमध्ये शिकवायचेही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जपानने चीनवर हल्ला केला होता. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला बोटीने गेलं. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ते उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत पोचले. तिथे डॉ. बेथून या कॅनडाच्या सर्जनच्या नावाने दवाखाना होता आणि वैद्यकीय शाळाही होती. १९४१ साली कोटणीस त्या दवाखान्याचे प्रमुख झाले, आणि शाळेत शिकवूही लागले.

आता विचार करा. शिकणारी पोरं तिथली, त्यांना ना मराठी येते ना इंग्रजी. मग मास्तरांनी काय करावं? कोटणीस स्वतः चिनी शिकले. बोलायलाच नव्हे, लिहायलाही. चिनी भाषेतच वर्गात शिकवायचे. शस्त्रक्रियेचं पुस्तकही चिनीत लिहायला घेतलं. खाणं तिथलंच, राळ्याचं. शत्रू चालून आला की रोगी, औषधं, वह्या-पुस्तकं सगळं उचलून दुसऱ्या गावी जायचं.

त्याच शाळेत क्वो छिंगलान नावाच्या बाई नर्सिंग शिकवायच्या. १९४१ साली दोघांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. नाव ठेवलं इनह्वा. इन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. पण बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ला, फिटच्या आजाराने डॉक्टर गेले. वय अवघं ३२. पुस्तक अर्धंच राहिलं. तान्हं पोर घेऊन मागे राहिलेल्या त्या बाईचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आज का काढली? आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या येतात. बंजारा घरातली लेकरं गोरमाटी बोलतात. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे बिहार, उत्तर प्रदेशची कुटुंबं शेजारी राहायला आली आहेत. त्यांचं लेकरू अंगणवाडीत गप्प बसलं, तर ‘मंद आहे’ म्हणून आपण मोकळ्या होतो. गरोदर बाईला पोटात दुखतंय हे सांगता आलं नाही, तर वेळ निघून जाते, आणि त्यात दोन जीव असतात.

कोटणीसांनी अख्खी भाषा शिकून घेतली. आपण दहा शब्द तर शिकू. दुखतंय, ताप, पाणी, भूक, भीती, कितवा महिना. गटाच्या पुढच्या बैठकीला अशा एका बाईला बोलवा, चहा द्या आणि हे शब्द तिच्याकडूनच शिका. त्या दिवशी ती आपली बाई, आणि आपण तिच्या विद्यार्थिनी.

कोणकोणते शब्द शिकलात ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवू. येतो आम्ही. नमस्कार!